प्रोपोलिस घेताय? आधी विचारा, कुठल्या माशीचं आणि कुठल्या झाडाचं

सातेरीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

प्रोपोलिस म्हणजे मधमाश्या झाडांची राळ आणून मेणात कालवतात तो चिकट पदार्थ; औषधी म्हणून त्याचा अर्क विकला जातो. गेल्या महिन्यात एका ताईंचा फोन आला. "दादा, सातेरीचं प्रोपोलिस आहे का तुमच्याकडे? प्रदर्शनातून आणलं होतं, संपत आलंय. आईला रेडिएशन चालू आहे, तोंड आलंय तिला." बाटलीवर 'सह्याद्रीतील सातेरी मधमाशीचे शुद्ध प्रोपोलिस' असं छापलेलं होतं म्हणाल्या. मला क्षणभर बोलायलाच सुचेना. जावळीच्या खोऱ्यात मी १४ वर्षं सातेरी, म्हणजे पेटीत पाळायची आपली देशी मधमाशी, पाळतोय आणि माझ्या एकाही पेटीत आजवर प्रोपोलिस सापडलेलं नाही. सातेरी ते गोळाच करत नाही. फट बुजवायची झाली तर ती मेण लावते.

आजारी आईसाठी माणूस पदरचे पैसे मोजतो आणि त्याच्या हातात असलं काही ठेवलं जातं, याचा फार राग आला. म्हणून हा धागा. जे माहीत आहे ते लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

झाडं कोवळ्या कळ्यांवर, सालीच्या जखमेवर राळ सोडतात. बुरशी, जंतू, किडे लागू नयेत म्हणून झाडाचा तो स्वतःचा बंदोबस्त. मेलिफेरा, म्हणजे आपल्याकडे जिला सरसकट 'इटालियन माशी' म्हणतात, ती ही राळ जबड्यानं कुरतडते, मागच्या पायावरच्या परागाच्या टोपलीत भरते आणि पेटीत आणते. परागाच्या गोळ्या माशी स्वतः उतरवते. राळ मात्र इतकी चिवट की पेटीतल्या दुसऱ्या कामकरी माश्या येऊन ती ओढून ओढून काढतात, तोवर ही पाय ताणून उभी. राळ उन्हानं मऊ व्हावी लागते, म्हणून हे काम दिवसाच्या उबदार वेळेतच चालतं. अख्ख्या वसाहतीत राळेच्या मागे जाणाऱ्या माश्या मोजक्याच असतात.

आणलेली राळ मेणात कालवली की झालं प्रोपोलिस. ते ना खायला, ना साठवायला. आणलं की लगेच वापरायचं. भेगा बुजवायच्या, दार लहान करायचं, घराच्या आतल्या भिंती सारवायच्या. पेटीत उंदीर शिरून मेला तर माश्यांना तो बाहेर ओढता येत नाही, मग त्या त्याच्यावर प्रोपोलिसचा लेप चढवतात आणि तो कुजत नाही, वाळून जातो. नाव ग्रीक आहे: 'प्रो' म्हणजे समोर, 'पोलिस' म्हणजे नगर. नगराच्या वेशीपुढची तटबंदी म्हणा.

झाडाच्या ढोलीत राहणारी मेलिफेरा आतली सगळी भिंत प्रोपोलिसनं मढवून घेते. आपण दिलेल्या पेटीच्या फळ्या रंधा मारून गुळगुळीत केलेल्या, तिथे ती तेवढं करत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट्यांच्या आतून प्रोपोलिसच्या अर्काचा हात फिरवून पाहिला. २००९ साली ते संशोधन छापून आलं. लेप असलेल्या पेट्यांतल्या माश्यांच्या शरीरात जंतूही कमी आणि रोगाशी लढणारी यंत्रणाही शांत. म्हणजे त्यांच्या अंगची ताकद त्या कामावर खर्च होत नव्हती. घरच औषधी असलं की घरातल्यांना कमी झगडावं लागतं. मला हे प्रोपोलिसचं सगळ्यात मोठं काम वाटतं. माणसाच्या उपयोगाचं पुढे बोलू.

मधुरा_कोथरूड

दादा, तो फोन माझाच होता. इथे लिहिलंत ते बरं झालं. बाटली माझ्यासमोर आहे. घटकांच्या जागी फक्त 'प्रोपोलिस अर्क' एवढंच आहे. किती टक्के, कशात काढलेला, काही नाही. आईच्या डॉक्टरांना मी अजून विचारलं नव्हतं, हे आता खरंच चुकलं असं वाटतंय. प्रदर्शनातला माणूस इतक्या खात्रीनं बोलत होता, की मी विचार केलाच नाही.

कातळसडा

सातेरीबद्दल बरोबर. पण आपल्याकडच्या दोन माश्या राळ वापरतात आणि त्या बहुतेकांनी घराशेजारीच पाहिल्या असतील.

एक फुलोरी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं टांगते ना, तिच्या पोळ्याच्या दोन्ही अंगांना फांदी हाताळून बघा. बोट चिकटतं. मुंग्या पोळ्यावर येऊ नयेत म्हणून तिनं तिथे राळेचं कडं घातलेलं असतं. मुंगी त्या कड्याशी येते आणि परत फिरते. लहानपणी मी तासन्‌तास हे बघत बसायचो.

दुसरी पोया. नांगी नसलेली, चिलटाएवढी काळी माशी. जुन्या मातीच्या भिंतीत, चौथऱ्याच्या चिऱ्यांत, झाडाच्या पोकळीत राहते. भिंतीतून बाहेर आलेली नळी दिसते, तेच तिचं दार. ती नळी मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची. पोयाचं आत सगळंच त्याचं: मधाची मडकी, परागाची मडकी, पिल्लांच्या कोठड्या. आमची आजी पोयाचं मेण खोबरेलात कढवून टाचेच्या भेगांना लावायची. 'प्रोपोलिस' हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता.

सांगोला_पेट्या

मी मेलिफेरावाला. डाळिंबाच्या बागांना परागीभवनासाठी पेट्या देतो, हंगामाप्रमाणे सूर्यफूल, ओवा, मोहरी यांच्या मागे फिरतो. आम्हाला प्रोपोलिस म्हणजे कटकटच वाटायची. चौकटी एकमेकींना घट्ट चिकटतात, हाईव्ह टूल घालून उचकटाव्या लागतात, हात काळेपिवळे होतात ते साबणानं निघत नाहीत. गेली चार वर्षं मात्र खरवडलेलं टाकून देत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या माश्या बाभळीच्या डिंकावर बसलेल्या मी पाहिल्यात. आणि एकदा, रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा, डांबराच्या पिंपावरही पाहिल्यात. पायाला काळी गोळी घेऊन पेटीकडे गेली. तेव्हापासून प्रश्न पडलाय की पेटीत निघालेलं सगळंच प्रोपोलिस विकण्यालायक धरायचं का?

रसायनशाळा

सांगोला दादा, तुमच्या प्रश्नातच या विषयाचं मर्म आहे.

आधी डिंकाचं. डिंक आणि राळ आपण एकाच तोंडानं म्हणतो, पण वस्तू वेगळ्या. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, कारण त्यात साखरेच्या जातीची लांब साखळी असते. राळ पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. प्रोपोलिसचे सगळे गुण राळेतून आलेले. आणि डांबराचं तुम्ही पाहिलंत ते जगात इतर ठिकाणीही दिसलेलं आहे: चांगली राळ मिळाली नाही तर माश्या डांबर, ओला रंग, खिडकीच्या काचा बसवायची लांबी (पुट्टी) असलं काहीही उचलतात. जुन्या रंगातलं शिसंही प्रोपोलिसमध्ये सापडलेलं आहे. त्यामुळे रस्त्याकडेच्या, कारखान्याजवळच्या, रंग दिलेल्या पेट्यांमधून खरवडलेलं माणसाच्या पोटात जाऊ देऊ नका.

आता घटक. पुस्तकात ठरलेलं कोष्टक मिळतं: राळ आणि वनस्पतिज द्रव्यं साधारण ५० टक्के, मेण ३०, सुगंधी तेलं १०, पराग ५ आणि बाकी इतर ५. हे कोष्टक बहुतेक प्रत्येक बाटलीच्या माहितीपत्रकात असतं आणि ग्राहकाला त्यातून काहीच कळत नाही. कारण ती ५० टक्के राळ कुठल्या झाडाची, यावर सगळं ठरतं. युरोपात बहुतेक ठिकाणी ती पॉप्लर नावाच्या झाडाच्या कळ्यांची. त्यात पिनोसेम्ब्रिन, गॅलँजिन, क्रिसिन ही फ्लेवोनॉइड्स (वनस्पतींतली एका जातीची रसायनं) आणि कॅफेइक आम्लाची एस्टर्स. प्रयोगशाळेतल्या निम्म्याअधिक कौतुकाचा धनी असलेला 'केप' हा रेणूही या एस्टर्सपैकीच. रशियाच्या उत्तरेकडे भूर्जाची राळ, क्यूबात क्लूसियाच्या फुलांची, तैवान आणि ओकिनावात मकारंगाच्या फळांवरची. ब्राझीलच्या तांबड्या प्रोपोलिसची राळ शिसवाच्या कुळातल्या, किनाऱ्यालगतच्या झुडपाची. या सगळ्यांची रसायनं एकमेकांपासून अगदी निराळी. तरी बाजारात सगळ्यांचं नाव एकच.

म्हणून एखाद्या प्रयोगात प्रोपोलिसचा गुण दिसला, असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो: कुठलं? पॉप्लरच्या प्रोपोलिसवर झालेला अभ्यास दाखवून भलत्याच प्रदेशातलं प्रोपोलिस विकणं म्हणजे आंब्याचे गुण सांगून फणस विकणं.

आणखी एक. पॉप्लरच्या कळ्या उकळून त्याचा अर्क 'प्रोपोलिस' म्हणून खपवण्याचा धंदा चीनमध्ये मोठा झाला होता. रासायनिक दृष्ट्या दोन्ही इतके जवळचे की साध्या चाचणीत पकडणं अवघड. माशीचा हात लागलेलाच नाही असंही प्रोपोलिस असतं, ते हे.

नागोयाकर

ब्राझीलचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी ९ वर्षं नागोयात आहे. इथे औषधांच्या दुकानात प्रोपोलिसचं वेगळं कपाट असतं: थेंब, गोळ्या, टूथपेस्ट, घशासाठी फवारा. १९८५ साली मधमाशीपालकांची जागतिक परिषद याच शहरात भरली होती, तेव्हापासून जपानमध्ये प्रोपोलिसची लाट आली असं इथले लोक सांगतात. कपाटातल्या बहुतेक बाटल्यांवर ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस असं लिहिलेलं.

ते हिरवं कशामुळे, हे शोधताना मला मजेशीर माहिती मिळाली. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात बॅकॅरिस ड्राकुन्क्युलिफोलिया नावाचं रानटी झुडूप माजतं, स्थानिक नाव 'अलेक्रिम दो कांपो'. ओसाड पडलेल्या कुरणात आपल्याकडे घाणेरी माजते तसं. माश्या त्याच्या कोवळ्या शेंड्यांचे तुकडेच कुरतडून आणतात, म्हणून रंग हिरवा. त्याचं खास द्रव्य आर्टेपिलिन-सी, जे युरोपच्या पॉप्लर प्रोपोलिसमध्ये नसतं. तिथले मधपाळ पेटीच्या बाजूच्या भिंतीत मुद्दाम फट ठेवतात. माश्या ती भरून काढतात, मग फट आणखी वाढवायची, त्या आणखी भरतात. शेवटी हिरवा पट्टाच्या पट्टा सुरीनं कापून घेतात. खरवडणं नाही, रंगाचे पोपडे नाहीत, लाकडाचा भुसा नाही. इथला ग्राहक झाडाचं नाव वाचून घेतो. सातेरीवाल्यांच्या शीर्षकातला प्रश्न इथे दुकानदारालाही माहीत असतो.

दंतवैद्य_सांगली

मधुराताईंसाठी मुद्दाम लिहिते, कारण तोंडाचा विषय माझा आहे.

केमो किंवा रेडिएशनमध्ये तोंडाच्या आतली कातडी सोलवटते, त्याला म्युकोसायटिस म्हणतात. प्रोपोलिसच्या गुळण्यांवर यासाठी चाचण्या झालेल्या आहेत आणि त्यांचा एकत्रित आढावा घेतलेल्या लेखांत तीव्र म्युकोसायटिसचं प्रमाण कमी झालेलं दिसतं. पण चाचण्या लहान आहेत, प्रत्येकीत अर्क वेगळा. आशा ठेवण्यासारखं आहे, एवढंच मी म्हणेन. एक धोका मात्र लगेच सांगते. बाजारातले बहुतेक थेंब अल्कोहोलमध्ये असतात. सोलवटलेल्या तोंडात ते गेले तर आईंना असह्य आग होईल. चाचण्यांत गुळण्या त्यासाठी खास बनवलेल्या होत्या. सध्याची बाटली बंद करा आणि कर्करोगतज्ज्ञांना दाखवा.

ओठावर हर्पिसचे बारीक फोड येतात, त्यांवरचा पुरावा त्यामानाने चांगला आहे. ०.५ टक्के प्रोपोलिस अर्काचं मलम ५ टक्के एसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या मलमाशी ताडून पाहिलं गेलं आणि ते कमी पडलं नाही. तिथेही अर्क ठरावीक प्रमाणित होता, कुणाच्याही घरचा नाही.

दात पडला तर तो प्रोपोलिसच्या द्रावणात ठेवला तर मुळावरच्या पेशी किती तग धरतात, यावरही प्रयोगशाळेत काम झालंय. पण मुलाचा पक्का दात खेळताना पडला तर घरात असतं ते दूध. दात मुळाला हात न लावता उचला, दुधात टाका आणि तासाभरात दवाखाना गाठा. इतकं लक्षात ठेवलंत तरी खूप.

शर्वरीची_आई

माझी मुलगी ३ वर्षांची आहे. सारखी सर्दी. 'इम्युनिटी'साठी प्रोपोलिसचे थेंब मधातून द्या असं सोसायटीतल्या ग्रुपवर आलंय. देऊ का?

दंतवैद्य_सांगली

देऊ नका. त्यात अल्कोहोल असू शकतं, मात्रा कुणी ठरवलेली नाही, आणि दमा किंवा ॲलर्जीची प्रवृत्ती असेल तर उलट त्रास. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये प्रोपोलिसचे आरोग्याचे दावे तपासले आणि ते मान्य केले नाहीत. प्रतिकारशक्तीचा दावाही त्यातच आला. या वयात पाळणाघरात, बालवाडीत जाणाऱ्या मुलांना वर्षातून बऱ्याच वेळा सर्दी होतेच. वाढ नीट असेल, श्वास लागत नसेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे एकदा शांतपणे बोला. आणि घरात कुणाचं बाळ वर्षाच्या आतलं असेल तर त्याला साधा मधसुद्धा नाही.

शर्वरीची_आई

धन्यवाद डॉक्टर. ग्रुपवरही हे टाकते.

माळरान

ॲलर्जीवर कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून माझं सांगतो. मी ६ वर्षं मेलिफेराच्या पेट्या ठेवत होतो. पाचव्या वर्षी बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मग भेगा, मग पाणी सुटायला लागलं. आधी वाटलं साबणाचं असेल. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी केली, त्यात प्रोपोलिसची पट्टी लाल झाली. बरोबर पेरू बाल्समची पण (ही एका झाडाची सुगंधी राळ, पेरूच्या फळाशी संबंध नाही). डॉक्टर म्हणाले या दोन्हींत काही रसायनं सारखी आहेत, एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याचीही असू शकते. अत्तरं, लिपबाम, काही मलमं, सगळं आता वाचून घ्यावं लागतं. मधमाशीपालकांमध्ये हा त्रास ओळखीचा आहे. पेट्या मी भावाला दिल्या. माश्यांपासून दूर राहणं जड जातं, अजूनही.

कुणीही नवीन वापरणार असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन-तीन दिवस थांबा. मला झालं त्यापेक्षा ते बरं.

गच्चीवरची_बाग

घरी टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमधला अर्क, कसं करतात? सांगोला दादांकडून कच्चा माल मिळाला तर करून बघायचं आहे. मेडिकलमधलं स्पिरिट चालेल ना?

रसायनशाळा

थांबा! मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट अजिबात चालणार नाही. ते पिण्याजोगं राहू नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी द्रव्यं मिसळलेली असतात, काहींत मिथेनॉल असतं. मिथेनॉलनं डोळे जातात, जीव जातो. हातावर चोळायचं आयसोप्रोपिलसुद्धा पोटात जाऊ द्यायचं नाही.

रीत म्हणाल तर अशी: कच्चं प्रोपोलिस फ्रीझरमध्ये ठेवायचं. थंडीत ते काचेसारखं ठिसूळ होतं, तेव्हा कुटून पूड करायची. ७० टक्क्यांच्या आसपासच्या खाण्यायोग्य इथेनॉलमध्ये ती भिजत घालायची, अंधारात ठेवायचं, रोज हलवायचं, दोन आठवड्यांनी गाळायचं. मेण मागे राहतं, राळ अल्कोहोलमध्ये उतरते. पण असं इथेनॉल आपल्या राज्यात परवान्याशिवाय मिळत नाही आणि तुमच्या हातातल्या प्रोपोलिसमध्ये काय आहे हे तुम्हाला माहीत नसणार. म्हणून माझा सल्ला, पोटात घेण्यासाठी घरी करूच नका. लाकडाला लावायचं रोगण म्हणून मात्र जरूर करून बघा, छान चकाकी येते.

पोटात घेण्यावरून आठवलं, २००५ साली एका वैद्यकीय मासिकात तैवानच्या रुग्णाची नोंद आली होती. ब्राझीलचं प्रोपोलिस घेताना त्याची मूत्रपिंडं निकामी झाली, बंद केल्यावर सुधारली, पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा बिघडली. एकाच माणसाची गोष्ट आहे, त्यावरून सगळ्यांना घाबरवायचं नाही. पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी 'नैसर्गिक आहे, चालतंय' असं धरून चालू नये.

सातेरीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. माळरान, तुमचं वाचून वाईट वाटलं. भाऊ पेट्या नीट सांभाळत असतील अशी आशा.

सांगोला दादा, खरवडणं बंद करा. वरच्या झाकणाखाली प्लॅस्टिकची बारीक भोकांची जाळी टाका. माश्यांना बारीक फट सहन होत नाही. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधमाशीपालकानं १८५१ मध्ये हेच हेरलं होतं: साधारण ६ ते ९ मिलिमीटरची वाट माश्या मोकळी सोडतात, त्याहून अरुंद असली की राळेनं बुजवतात, रुंद असली की पोळं बांधतात. आपल्या सगळ्या सुट्या चौकटींच्या पेट्या या एका निरीक्षणावर उभ्या आहेत. जाळीची भोकं भरली की ती काढून फ्रीझरमध्ये ठेवायची, मग गुंडाळून आपटायची. स्वच्छ खडे पडतात. एका वसाहतीकडून वर्षाला शे-दीडशे ग्रॅम मिळालं तरी पुष्कळ. आणि सगळं काढून घेऊ नका. ते त्यांचं औषध आहे.

सांगोला_पेट्या

दोन पेट्यांवर जाळी टाकली, दादा. डांबराच्या रस्त्याकडच्या आठ पेट्या आतल्या शिवारात हलवल्या. खरवडलेला जुना माल कुणाला देणार नाही. मला आता एवढंच शोधायचंय की माझ्या माश्या राळ नेमकी कुठून आणतात. दुपारी दुर्बीण घेऊन बसतोय.

रसायनशाळा

झाड सापडलं तर त्याच्या राळेचा आणि जाळीवरच्या प्रोपोलिसचा, दोन्हींचे नमुने वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत ठेवा. व्यक्तिगत निरोप करते, आमच्याकडे ताडून बघता येतील.

मधुरा_कोथरूड

आईच्या डॉक्टरांना बाटली दाखवली. त्यांनी वास घेतला आणि लगेच म्हणाले, अल्कोहोल आहे, बंद. रागावले नाहीत. त्यांनी गुळण्यांचं औषध लिहून दिलं, मीठ-सोड्याचं पाणी दिवसातून बऱ्याच वेळा, आणि जेवण गार, पातळ. काल पाच दिवसांनी तिनं वाटीभर दहीभात खाल्ला. प्रदर्शन भरवणाऱ्यांना पत्र लिहिलंय, बाटलीचा फोटो जोडलाय.

कातळसडा

मधुराताई, आईंना लवकर आराम पडो.

आज सकाळी आमच्या पडवीच्या भिंतीतली पोयाची नळी भिंग लावून बघितली. रात्री त्या नळीचं तोंड बारीक जाळीसारखं विणून बंद करतात आणि उजाडलं की उघडतात. एक माशी मागच्या पायांवर नारिंगी, चकाकणारी राळ घेऊन आली, जवळजवळ तिच्या पोटाएवढी. अंगणातला फणस गेल्या आठवड्यात छाटला होता, त्या दिशेनं आली. उद्या तिकडे शिडी लावून बघतो.